तक्ता भरायला शिकलेल्या बायका

चार बायका आणि चार कॉम्प्युटर एका खोलीत ठेवले की किस्से बनवावे लागत नाहीत. नळाखाली विसरलेल्या बादलीतल्या पाण्यासारखे ते आपोआप साचतात. आमच्या क्लासचे इतके साचलेत की भांडी घासताना मधेच एखादा आठवतो आणि मी एकटीच हसते. नवरा विचारतो, "काय झालं?" मी म्हणते, "काही नाही." त्यातले निम्मे हसण्यासारखे नाहीतच, त्याला काय सांगू!

क्लास के. आर. पुरमला, एका कल्याण मंडपाच्या वरच्या खोलीत. खाली लग्न असलं की सनई-ढोल, वर आम्ही. बेळ्ळंदूरच्या एका कंपनीनं बायकांसाठी तो फुकट सुरू केला होता. शिकायचं काय, तर स्क्रिप्ट. म्हणजे कॉम्प्युटरला ओळीनं लिहून द्यायच्या सूचना. स्क्रीनवर एक रिकामा तक्ता, त्याच्याखाली एक बटण. बटण दाबलं की फाईलमधली नावं तक्त्यात आपोआप भरली पाहिजेत. एवढंच.

पण जिला हे कुणाला न विचारता जमेल तिला कंपनीत नोकरी. स्टोअरमधल्या सामानाचे तक्ते सांभाळायची. जागा एकच.

मी सातवी शिकलेली, जतजवळच्या गावातली, लग्न होऊन इकडं कानडी मुलखात आलेली. तक्त्याशी मला काय देणंघेणं? मला हवं होतं त्या कंपनीतलं पाळणाघर. ऑफिसच्याच बिल्डिंगमध्ये, खाली, काचेचं. माझी आरोही अडीच वर्षांची. सकाळी मी दोन घरी स्वयंपाक करते, नवरा कॅब चालवतो. पोरगी घरमालकीण अक्कांकडे. आणि अक्का आता कायमच्या म्हैसूरला मुलाकडे निघाल्या होत्या. त्या गेल्या की पोरीला ठेवायचं कुठं? हा प्रश्न मी रोज उशाला घेऊन झोपायचे.

आता ऐका.

* * *

आमचे सर पुण्याचे. वय कोवळं, दाढी मोठी. आम्हा बायकांना "गाईज" म्हणायचे. "ओके गाईज, आज आपण तक्ता पॉप्युलेट करणार आहोत!"

माझ्या शेजारी शांताक्का बसायची. निपाणीकडची, घरी मराठी-कानडी दोन्ही. नवरा वारल्यापासून दिराच्या घरी राहते, दिराची तीन पोरं तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. आमच्यात सगळ्यात हुशार तीच. त्या दिवशी तिनं सगळ्यांच्या आधी स्क्रिप्ट लिहिली आणि बटण दाबलं. खाली अक्षरं आली की दहा ओळी भरल्या. पण तक्ता पांढराफटक!

सर वाकून बघायला लागले. "अहो, तुम्ही कॉलमच बनवले नाहीत. आधी कॉलम, मग ओळी. कॉलम नसला की ओळी आत असतात, पण दिसत नाहीत."

"म्हंजे आहेत, पण कुणाला दिसत न्हाईत?"

"एक्झॅक्टली!"

"मग बरोबरच आहे की सर," शांताक्का म्हणाली. "आमच्या घरात मी अशीच आहे."

सर हसले. आम्ही कुणी हसलो नाही. सरांनी मग पाण्याची बाटली उघडली.

* * *

कुलकर्णी काकूंना नोकरी नको होती. त्यांचे यजमान सरकारी कारखान्यातून मोठ्या पोस्टवरून रिटायर झालेले. काकू जे. पी. नगरहून दोन मेट्रो बदलून यायच्या. एवढ्या लांब कशाला, विचारलं तर म्हणाल्या, "ते दिवसभर घरी असतात गं!" यापुढे विचारायची सोयच नाही.

सरांनी एकदा घरातल्या माणसांची नावं भरायला सांगितली. काकूंचं बोट म्हणजे लिफ्टचं बटण दाबणाऱ्याचं बोट. एकदा दाबून लिफ्ट येते यावर विश्वासच नाही. दाब, दाब, दाब! तक्ता आधीचा पुसला जात नव्हता, त्यामुळे दर दाबाला अख्खं घर पुन्हा खाली येऊन बसलं. सासूबाई, सासरे, यजमान, दीर. परत सासूबाई, सासरे, यजमान, दीर. काकू माऊस फिरवतायत आणि सासूबाई संपतच नाहीत!

"अगं बाई, इतक्या वेळा तर त्या जिवंतपणी पण आल्या नव्हत्या!"

सर म्हणाले, "काकू, भरायच्या आधी एक ओळ लिहायची. क्लिअर. म्हणजे आधीचे सगळे जातात."

काकूंनी चष्मा काढून पुसला. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगणारं कुणी भेटायला हवं होतं!"

* * *

माझा किस्सा सांगायची मला लाज वाटते, पण मी नाही सांगितला तर काकू तिखटमीठ लावून सांगतील.

स्क्रिप्ट चुकली की लाल अक्षरं येतात. इंग्रजीत, भरभर, एकाखाली एक. मला इंग्रजी जेमतेम लावता येतं. पहिल्यांदा ती आली तेव्हा मला वाटलं कॉम्प्युटर जळला! सर फोनवर बाहेर गेलेले. घरी मिक्सरमधून वास आला की आपण काय करतो? तेच केलं. खाली वाकले आणि प्लग उपसला.

प्लग माझा एकटीचा नव्हता. एकाच बोर्डावरून सगळ्यांचे कॉम्प्युटर चालत होते. सगळे स्क्रीन एकदम काळे. कुणीच काम सेव्ह केलं नव्हतं!

सर आत आले. "गाईज, पॉवर गेली का?"

काकू म्हणाल्या, "पॉवर आहे हो. हिच्याकडे आहे!"

नंतर सरांनी ती लाल अक्षरं परत आणून वाचून दाखवली. त्यात एवढंच लिहिलं होतं की सातव्या ओळीत एक कंस बंद करायचा राहिलाय. मी विचारलं, "मग एवढं लाल कशाला?"

शांताक्का हळूच म्हणाली, "बायकांनी केलंय म्हणून." मग मात्र सगळ्या हसलो.

* * *

क्लासचा एक नियम होता. आल्याबरोबर फोन टोपलीत टाकायचा. सरांचं म्हणणं, लक्ष जातं. माझं लक्ष त्या टोपलीवरच असायचं! कॉलम लिहितेय आणि मान टोपलीकडे. आरोही पडली असेल तर? तिच्या घशात काही अडकलं असेल तर? अक्का झोपल्या आणि गॅलरीचं दार उघडं राहिलं तर? मी अशा गोष्टी ठरवून आणत नाही, त्या रांग लावून येतात.

एक दिवस टोपलीत फोन वाजला. आमच्या सगळ्यांच्या फोनची रिंग एकच, दुकानातून आली तशी. अख्खा क्लास उठून धावला! खुर्च्या पडल्या, टोपली कलंडली, फोन जमिनीवर. ज्या फोनची रिंग होती तो काकूंनी उचलला. कुणीतरी गोड आवाजात विचारत होतं, लोन हवंय का.

"नको रे बाबा," काकू म्हणाल्या, "पण जीव परत दिलास, थँक्यू!"

सगळ्या बसल्या. मला बसवेना. पोट दुखतंय सांगून निघाले आणि बसमध्ये उभी राहून घरी पोहोचले. अक्कांचं दार लोटलेलं. आरोही टीव्हीसमोर मांडी घालून चित्रान्न, म्हणजे लिंबूभात, खात होती. पडली नव्हती, रडत नव्हती, सगळं छान होतं. तिनं मान वळवून मला पाहिलं आणि स्वयंपाकघरातल्या अक्कांकडे तोंड करून कानडीत हाक मारली, "अम्मा, यारो बंदरु!"

म्हणजे, अम्मा, कुणीतरी आलंय.

* * *

नवऱ्याला वाटायचं मी टाइमपासला जाते. एकदा डब्याला उशीर झाला तर म्हणाला, "तक्ता भरता येतो म्हणे मॅडमना. आमचा डबा कधी भरायचा?"

मी म्हटलं, "बटण कुठंय दाखवा, दाबते."

दोन दिवस बोलला नाही. त्या दोन दिवसांत माझा अभ्यास सगळ्यात चांगला झाला!

* * *

शेवटच्या आठवड्यात कंपनीतून एक मोठ्या मॅडम क्लास बघायला आल्या. बरोबर फोटो काढणारा माणूस. सरांनी सकाळपासून घाम पुसायला सुरुवात केली होती, कारण फाईल नवीन आली होती आणि खुद्द सरांचीच स्क्रिप्ट चालत नव्हती. तक्ते सगळे रिकामे!

मॅडम जिना चढताना ऐकू आल्या. सरांनी काय करावं? कुठूनतरी भरलेल्या तक्त्याचा फोटो शोधून काढला आणि तोच सगळ्यांच्या स्क्रीनवर पसरून लावला. "गाईज, नुसतं बघत राहा. काही दाबू नका!"

आम्ही बघत राहिलो. तक्त्याच्या फोटोकडे बघणाऱ्या बायकांचा फोटो निघाला! मॅडम म्हणाल्या, "वॉव! सो एम्पॉवरिंग!"

तेवढ्यात शांताक्का, तिला गप्प बसवतच नाही, मोठ्यानं म्हणाली, "सर, हे बटण दबंना की!"

मॅडमनी विचारलं, "क्या बोल रही हैं?"

सर म्हणाले, "मॅम, कह रही हैं, बहुत सीखने को मिला."

तो फोटो आता कंपनीच्या रिसेप्शनला लावलाय म्हणे. काकूंचा पदर फार छान आलाय.

* * *

आणि परीक्षेचा दिवस. परीक्षा बेळ्ळंदूरला, त्याच कंपनीत.

अक्का ठरल्यापेक्षा आठवडाभर आधीच म्हैसूरला गेल्या. नातू आजारी पडला, त्या तरी काय करणार? नवऱ्याची सकाळची एअरपोर्टची ट्रिप. मी आरोहीला कडेवर घेतलं, बिस्किटाचा पुडा पर्समध्ये टाकला आणि निघाले. रिंग रोडवर बस मुंगीसारखी. पोरगी माझ्या ओढणीत तोंड पुसतेय आणि मी मनात घोकतेय, आधी कॉलम, मग क्लिअर, मग ओळी.

गेटवर वॉचमननं हात आडवा केला. "मॅडम, बच्चा अलाउड नहीं."

मी म्हटलं, "अंदर पाळणाघर है ना? वो काचवाला? एक घंटा रखने दो."

"वो स्टाफ के लिए है."

"स्टाफ होने के लिए ही तो आई हूँ भैया!"

त्यानं वर फोन लावला. वरूनही तेच उत्तर आलं. स्टाफसाठीच. काच तिथून दिसत होती. आत एक बाळ लाल बॉलच्या मागे पळत होतं. आरोहीनं बोट दाखवलं, "बॉल!"

शांताक्का माझ्या शेजारीच उभी होती. नंबर माझा आधी, तिचा माझ्यामागं. काकू नव्हत्या, त्यांना नोकरी नकोच होती. आमच्यातली चौथी आधीच वर जाऊन, न जमल्यानं परत गेली होती. वरून माझ्या नावानं बोलावणं आलं. मी तिथंच उभी. रडू पण येईना.

शांताक्कानं काही न विचारता आरोहीला माझ्याकडून ओढून घेतलं आणि स्वतःच्या खांद्यावर टाकलं. "जा की. मी हाय न्हवं? तू आलीस की मी जाईन."

"शांताक्का, ती रडेल."

"माझ्याकडं कुठलं पोर रडलंय आजवर? जा, स्वल्प सुद्धा काळजी करू नको."

मी गेले. लिफ्टनं वर पोहोचले. तीन माणसं समोर बसलेली, त्यातल्या एक त्या फोटोवाल्या मॅडम. फाईल दिली. सामानाची नावं होती, साबण, फिनाईल, झाडू, टिश्यू. मी कॉलम बनवले. क्लिअर लिहिलं. ओळी लिहिल्या. कंस दोनदा मोजले. बटण दाबलं.

तक्ता भरला! वरपासून खालपर्यंत, एकही ओळ न सांडता.

मॅडमनी माऊस फिरवून बघितलं, तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, इंग्रजीत काहीतरी बोलणं झालं. मग हिंदीत मला म्हणाल्या, "जॉइन करेंगे सोमवार से?" मी मान हलवली, बहुतेक खूप वेळा हलवली. पाळणाघराचं विचारलं. "हाँ हाँ, पहले दिन से." मग त्या दाराकडे वळून तिथल्या माणसाला म्हणाल्या, "बस, हो गया. नीचे बोल दो, बाकी लोग जा सकते हैं."

मी म्हटलं, "मॅडम, नीचे एक और है. वो मुझसे अच्छा करती है."

मॅडम गोड हसल्या. "सीट एक ही है ना."

लिफ्ट थांबून थांबून उतरली. गेटवर वॉचमननं शांताक्काला निरोप आधीच दिला होता की नव्हता, मला कळलं नाही. ती सावलीच्या पट्ट्यात उभी होती. आरोही तिच्या खांद्यावर गाढ झोपलेली, तोंड उघडं, लाळेनं शांताक्काचा परीटघडीचा ब्लाऊज ओला. परीक्षेसाठी ठेवणीतला घातला होता तिनं.

"लागली?"

"लागली. शांताक्का, पण वरती ते म्हणाले..."

"सरी, सरी, असू दे. हळू बोल, उठंल ती."

तिनं पोरगी माझ्या खांद्यावर सरकवली, एका हातानं तिचं डोकं सावरत. माझ्या गळ्यातल्या ओढणीनं तिचं तोंड पुसलं. मग काचेकडे बघत म्हणाली,

"तुझ्या त्या पाळणाघरात पोरं बघायला बाई लागती काय, सोमवारी इचार की."