अर्ज विचाराधीन

आमच्या कचेरीत सव्वादहाला हजेरीपट साहेबांच्या केबिनमध्ये जायचा. नंतर येणाऱ्याच्या नावापुढे लाल शेरा. तीन शेऱ्यांना एक रजा गेलीच. तोंडी सांगून अकराला येणारे चिक्कार होते. मला मात्र अवदसा आठवली आणि मी लेखी अर्ज केला. वडिलांची शिकवणच तशी: हक्काचं मागायचं ते कागदावर.

धाकट्याला ऐकू कमी यायचं. चौथं लागलं तरी तोंडातून शब्द नाही. कसब्यातल्या एक बाई त्याला रोज साडेनऊ ते साडेदहा बोलायला शिकवणार होत्या. आत्ता नाही तर पुढे अवघड, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं. नवरा पहिल्या पाळीला. मी लिहिलं, अकराला येईन, संध्याकाळी तासभर जास्त बसेन. विश्रांतवाडीत आमच्या शेजारची आयटीतली मुलगी दुपारी बाराला कामावर निघायची, तिच्याकडे बघून मला धीर आला होता.

साहेब म्हणाले, "अहो, ही कंपनी नाही. पण लेखी मागितलंत, आता उत्तर वरूनच येणार. तोवर शेरा नाही."

मी अकराला जाऊ लागले. रोज टपाल आलं की आधी मीच चाळायची. आणि साहेब? दर दोन महिन्यांनी फाइलमध्ये नवी त्रुटी! मुलाचा दाखला जोडा. दाखल्याची प्रत साक्षांकित करा. इतर कार्यालयांची पद्धत मागवा. फाइल वर जायची, खाली यायची. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या नावानं बोटं मोडायची.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाई वैतागल्या. "अगं वेडे, निकाल लागला तर नकारच येणार. लागू नये म्हणून तर ते त्रुटी काढतायत!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दीड वर्षानं उत्तर आलंच: नियमात तरतूद नसल्याने विनंती अमान्य. साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"मुलगा बोलतो का?"

"बोलतो. ऐकत नाही, इतका बोलतो." माझे डोळे भरून आले. मी आभार मानायला तोंड उघडलं.

साहेबांनी हजेरीपट उघडला.

"मग उद्यापासून दहाला या," ते म्हणाले.