बारावं बूच

सेवेतली बरीचशी प्रकरणं आता फाईल समोर असल्याशिवाय मला आठवत नाहीत. हे एक मात्र जसंच्या तसं आठवतं. त्यातला माझा वाटा फारसा अभिमानाचा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी तेव्हा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. जयगडच्या खाडीच्या तोंडाशी एक मच्छीमार होडी सकाळच्या वेळी इंजिन बंद पडून खडकांवर गेली आणि उलटली. दोन खलाशी वाचले. इंजिन चालवणारा वाचला. होडीचा तांडेल, म्हणजे तिचा प्रमुख, बुडाला. इंजिन चालवणारा त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता.

आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. दुपारी हा भाऊ ओल्या कपड्यांनिशी ठाण्यात आला.

"सायब, मिस्त्रीने बूच नीट बसवलान नाय. ते उडालं, सगळं ऑइल गेलं नि इंजिन जाम झालं. त्यानेच माज्या दादाला मारलान."

होडीत ट्रकचं जुनं इंजिन होतं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं. ट्रकवर अशा इंजिनाला जागोजागी नळ्या येऊन मिळतात. होडीवर त्यातल्या कित्येकांचं काम नसतं, म्हणून ती तोंडं पितळी बुचं आवळून बंद करावी लागतात. हे काम संगमेश्वरकडच्या एका मिस्त्रीने महिनाभरापूर्वी केलं होतं. बंदरावरचा जमाव चिडलेला, आणि मिस्त्री बाहेरचा. त्याला आम्ही ठाण्यात आणून बाकावर बसवलं. 'त्याच्याच सुरक्षेसाठी' असं स्टेशन डायरीत लिहिलं. तो कोठडीत नव्हता, पण घरीही जाऊ शकत नव्हता. पोलीस खात्यात अशी एक मधली जागा असते, आणि ती वापरायला आम्हाला फार आवडते.

"बुचं किती होती?" मी विचारलं.

"बारा, साहेब. प्रत्येकावर लाल रंगाची रेघ मारलीय. बुचावरून निघून इंजिनाच्या अंगावर, सलग. रेघ तुटली की समजायचं, नंतर कोणीतरी पाना लावलान."

हे तो इतक्या शांतपणे म्हणाला की मला तो पढवलेला वाटला. घाबरलेला माणूस खोटारडा वाटतो आणि न घाबरलेला निर्ढावलेला वाटतो. आमच्यासमोर बसून खरं वाटेल असं वागायचं तरी कसं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी त्याला दोन दिवस तेच तेच प्रश्न विचारले. आवाजही चढवला. तो बारा म्हणाला आणि बाराच म्हणत राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारा आला. होड्यांच्या फळ्यांमधल्या फटींत कापूस आणि राळ ठासून त्या बुजवणं हा त्याचा धंदा. वहाणा पायरीखाली काढून तो आत आला.

"सायब, सांगू की नको, दोन दिस इचार करतोय. होडी गेली त्याच्या आदल्या सांजेला धाकट्याने माज्याकडून कापूस नि राळ नेलीन. मी इचारलं, आता कुठं गळतंय? तर म्हनाला, इंजिनाला थेंब येतोय."

मी पंच घेऊन तडक बंदरावर गेलो. बाहेर काढलेलं इंजिन ताडपत्रीखाली होतं. फडक्याने मीठ पुसलं तशा लाल रेघा दिसू लागल्या. एकामागून एक, अकरा बुचं, अकरा सलग रेघा. बारावं भोक रिकामं होतं. त्याच्या आट्यांत काळं, चिकट काहीतरी बसलं होतं आणि त्यात कापसाचे तंतू होते. पंचनामा करून ते एका पाकिटात सीलबंद केलं. बंदरावरच्या दुसऱ्या मेकॅनिकने सांगितलं, "राळ थंड पाण्यात दगडासारखी राहते. तापलेल्या इंजिनावर लोण्यासारखी वितळते. शिवाय कापूस गुंडाळलेलं बूच आट्यात पुरतं बसतही नाही."

भावाला बोलावलं आणि ते पाकीट टेबलावर ठेवलं. ओरडावं लागलं नाही. त्याने पाकिटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"थेंब थेंबच येत व्हता, सायब. मिस्त्री येईपत्तर होडी बांधून ठेवावी लागली असती. आमच्या होड्या बापजाद्यांपासून ह्याच राळेवर तरतात. मला वाटलं, फट ती फट." मग म्हणाला, "दादाने निघताना इचारलान, नीट केलंस ना रे? मी म्हटलं, व्हय."

जबाब द्यायला तो तयार होता. त्याआधी वहिनीला स्वतःच्या तोंडाने सांगू द्या, एवढंच त्याने मागितलं. मी कबूल झालो. सोबत गेलो. खरं सांगायचं तर, मी खुशीत होतो; गुन्हा उलगडला होता.

ती ओटीवर बसली होती. त्याने उंबऱ्याबाहेर उभ्यानेच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मान माझ्याकडे वळवली.

"सायब, तो मिस्त्री कुठं हाय?"

"ठाण्यात."

"अजून?" ती म्हणाली. "त्याच्या घरातली पन वाट बगत असतील. आधी त्याला सोडा जावा."

पुरावा सकाळी माझ्या हाती आला होता आणि आता दुपार टळत आली होती. मला शरमेने तिथे उभं राहवेना.

भावावर पुढे रीतसर दोषारोपपत्र गेलं. त्याचं काय व्हायचं ते न्यायालयाने ठरवलं. पण गुन्हा कोणाचा हे कळणं आणि निर्दोषाला घरी पाठवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं आधी करायचं असतं, हे मला त्या ओटीवर कळलं. तोवर माझी नोकरी वीस वर्षांची झाली होती.

ठाण्यात परतलो तेव्हा मिस्त्री त्याच बाकावर होता. मी त्याला सगळं सांगितलं आणि माफी मागितली. "एक फोन केला असता तर येऊन आवळून गेलो असतो," एवढंच तो म्हणाला. पिशवी उचलून दारापर्यंत गेला आणि वळून त्याने विचारलं, "जाऊ ना, साहेब?" मी हो म्हटलं. पायरीवर थांबून त्याने परत विचारलं. फाटकापाशी पोचल्यावर तो तिसऱ्यांदा वळला, आणि मी खुर्चीतून उठून, त्याच्यासोबत एसटीच्या थांब्यापर्यंत चालत गेलो.