सुकटीची भावकी

काष्टीच्या बाजारात सुकट इकणारी एक बाई मला एकदाच भेटली. नाव पन इचारायचं राहिलं. म्हायेर कोकनात, दर्याकाठी, येवढंच ती बोलता बोलता म्हनली.

मी सुकट निवडत हुते आन् माझी दीड वर्साची पोर खाली बसून ताडपत्रीच्या कोपऱ्यावरचा दगुड हालवत हुती. बघते तर तिनं दगडाखालचा राखाडी, लई पायांचा किडा उचलून तोंडात घातला! माझ्या तोंडचं पानीच पळालं. "इख चढंल वं, मरंल माझी पोर!" म्हनून वरडले. नवऱ्याला फोन लावाया गेले तर मोबाईलच खाली पडला.

बाई काय उठली बी न्हाई. तिनं पोरीला मांडीवर घेतलं, गालात करंगळी घातली आन् किडा अलगद भाईर काढला. त्यो वाटाण्यावानी गोळा झाल्ता. तळहातावर धरून तिनं त्यो पोरीफुडं केला. जरा येळानं गोळा उलगडला, किडा चालाया लागला, तशी पोर खुदकन हसली.

"इख नाय गो बाय त्याला," बाई म्हनली. "आमच्याकडं खडकावर ह्याचे भाऊबंद हायेत, पाय वाजला की फटीत पळतात. ही सुकट म्हंजे वाळवलेली बारकी कोळंबी, ती पन त्याच भावकीतली. ती मूठमूठ खातेस, नि ह्या एकट्याला भितेस?"

मी रडता रडता हसले.

आता पोर माती उकराया लागली की मी आजून बी पळत जाते. पन आधी तिची मूठ उघडून बघते, मंग वरडायचं का न्हाई ते ठरवते.