ओळंब्याची रेघ

माझ्या वडिलांना कलादालनात सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला बांधून जो जड लट्टू खाली सोडतो, तो ओळंबा. बाबांच्या मते हे नावच चुकीचं आहे. ओळंबा उभं बघतो, आडवं बघायला पाणसळ लागते, आणि चित्रं टांगणाऱ्याला दोन्ही लागतं. "पण चित्रकारांना अवजारांतलं काय कळतंय," असं म्हणून ते विषय सोडून देतात. मी स्वतः चित्रकार आहे, हे त्यांना अशा वेळी आठवत नाही.

ते मूळचे सुतार. चौतीस वर्षांपूर्वी दालनाच्या दाराची बिजागरी बदलायला गेले, तर समोरच्या भिंतीवरचं एक चित्र वाकडं. बिजागरी राहिली बाजूला. त्यांनी आधी ते चित्र सरळ केलं, मग त्याच्या शेजारचं, मग अख्खी भिंत. तेव्हाचे संचालक मागे उभे राहून बघत होते. त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कोणी करायला सांगितलं?" बाबा म्हणाले, "सांगायला कशाला हवं? दिसतंय की." दुसऱ्या दिवसापासून नोकरी. दार मात्र पुढे दोन महिने कुरकुरत होतं, असं आई सांगते.

त्यांची पद्धत सगळ्या चित्रकारांना पाठ आहे. चपला काढायच्या. समोरच्या भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं. मग सरळ चालत यायचं आणि नजर जिथे पडेल तिथे अंगठ्याच्या नखाने खूण करायची. चित्राचा मध्य तिथे. बाकीची सगळी भिंत त्या खुणेवरून, नुसत्या नजरेने. टेप त्यांनी कधी लावली नाही. टेप ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी, हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते तोंडात चार खिळे धरून बोलायचं. खिळे तोंडात असताना ते जितकं स्पष्ट बोलतात तितकं घरी जेवताना बोलत नाहीत.

ही खोड फक्त दालनापुरती असती तर आईचे हाल झाले नसते. डॉक्टर छाती तपासत होते तेव्हा बाबांनी हात लांब करून त्यांच्या मागचं प्रमाणपत्र सरळ केलं. "श्वास घ्या," डॉक्टर म्हणाले. "थांबा," बाबा म्हणाले. लोकांच्या घरी गेलो की आई आधीच बजावायची, "अहो, भिंतीकडे पाठ करून बसा." एकदा एका नव्या विचारांच्या चित्रकाराने आपलं चित्र मुद्दाम तिरकं टांगायला सांगितलं. बाबांनी सांगितल्याप्रमाणे टांगलं, पण त्यांना जेवण जाईना. आठवड्याने चित्रकाराची तक्रार आली, की चित्र रोज थोडं थोडं सरळ होतंय. चौकशी झाली. बाबा म्हणाले, "मी मुद्दाम नाही केलं. जाता येता हात लागला असेल."

मी आठ वर्षं दालनाच्या वार्षिक प्रदर्शनासाठी चित्र पाठवत होते. शाळेत चित्रकला शिकवायची, उरलेल्या वेळात रंगवायचं आणि वर्षाकाठी हा एक अर्ज भरायचा. आमच्यासारख्यांना चार लोकांसमोर यायची तेवढीच संधी. निवड समितीपुढे चित्रं नावाशिवाय जातात, मागे फक्त क्रमांकाची चिठ्ठी. आणि ती एकेक करून समितीसमोर आणून धरतो कोण? पांढरे हातमोजे घालून, चेहऱ्यावरची रेषाही हलू न देता, माझे वडील.

म्हणजे सात वर्षं त्यांनी माझं चित्र पाच जणांसमोर धरलं, त्यांची नकारार्थी हललेली डोकी पाहिली, आणि चित्र परत गोदामात नेऊन ठेवलं. घरी आल्यावर ताकास तूर लागू दिली नाही. पत्र येईपर्यंत मी त्यांच्या चेहऱ्याकडे, चालण्याकडे, हात धुण्याकडे बघत बसायची. काही कळायचं नाही. एकदा मी चिडून म्हणाले, "बाबा, निदान एखादा शब्द तरी टाकायचा होता." ते म्हणाले, "मी ज्याचं चित्र धरतो, त्याचा त्या वेळी मी कोणी नसतो." मी दोन दिवस बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही देव जाणे.

आठव्या वर्षी माझं चित्र निवडलं गेलं. बासष्ट चित्रांत माझं एक. तेव्हाही त्यांनी पत्र येईपर्यंत तोंड उघडलं नाही. पत्र आलं, मी रडले, आई रडली, आणि बाबा म्हणाले, "मागची तार बदलून घे. सैल आहे."

त्या वर्षी दालनात नव्या क्युरेटर बाई आल्या होत्या. तरतरीत, कामसू, आणि स्वभावाने वाईट अजिबात नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमच्या घरी काही दिवस त्यांच्याबद्दल बरंच बोललं गेलं. जुन्या प्रदर्शनांच्या फोटोंची एक भिंत करायची त्यांची कल्पना होती. फोटो नीट लावून संगणकावर चढवायला त्यांनी मला बोलावलं. तिथेच, एका दुपारी, मला ते दिसलं.

प्रत्येक वर्षी फोटो एकाच जागेवरून काढलेला होता. त्याच भिंतीच्या टोकाला ते दार, दाराला ती कडी. पहिल्या वर्षांत चित्रांचे मध्य कडीच्या बरेच वर होते. वीस वर्षांनी जरा खाली. मागच्या वर्षीच्या फोटोत आणखी खाली. मला वाटलं कॅमेऱ्याचा दोष असेल. मग कोणी नसताना टेप घेऊन भिंतीवरच्या बुजवलेल्या भोकांवरून हिशेब केला. दालनाच्या जुन्या पुस्तिकेत लिहिलं होतं, मध्य साठ इंचांवर. मागच्या वर्षीचा मध्य छप्पन्नावर होता.

भिंत तीच होती. नजरही तीच होती. बाबांची पाठ वाकत चालली होती, आणि त्यांच्याबरोबर सगळं प्रदर्शन दरवर्षी केसाएवढं खाली येत होतं.

हे कोणाच्या लक्षात आलं नसतं, पण बाईंनी त्याच आठवड्यात सांगितलं, की यंदा चित्रांच्या मध्याची रेघ काटेकोर साठ इंचांवर हवी. बाहेरच्या मोठ्या दालनांतून चित्रं आणायची तर तसं लागतं. मग हळूच म्हणाल्या, "टांगणीचं काम पुढच्या वर्षीपासून एखाद्या कंपनीला द्यावं का, असा विचार आहे. ओळंबाकाकांना किती दिवस शिडीवर चढवायचं? पण यंदाचं बघू, मग ठरवू." मी हो ला हो केलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाबांना सांगावं तर चौतीस वर्षांचा विश्वास मोडायचा. न सांगावं तर चारचौघांत उघडं पडायचं आणि काम जायचं. त्या कामाशिवाय बाबा म्हणजे कोण, हे मला तरी ठाऊक नव्हतं.

मी आधी बाजूने शिरून पाहिलं. "बाबा, यंदा टेप लावून बघा ना." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना चित्रं छापून विकायला सांगितली. मग मी अक्कल चालवली. बाजारात जाऊन जाड तळव्याचे, चांगले अडीच इंच उंचीचे बूट आणले. चार नाही तर अडीच तरी भरून निघतील. बाबांना बूट आवडले. घालून घरभर फिरले, आईच्या डोक्याकडे वरून बघितलं, खूश झाले. आणि टांगणीच्या दिवशी दालनात शिरताच, चौतीस वर्षांच्या सवयीने, दारातच काढून ठेवले.

मी ते दारातले बूट बघत उभी राहिले. त्या क्षणी सांगता आलं असतं. नाही सांगितलं. भित्री आहे मी, दुसरं काय.

दिवसभरात त्यांनी बासष्ट चित्रं लावली. संध्याकाळी उद्घाटन नव्हतं, ते दुसऱ्या दिवशी पाच वाजता होतं, म्हणून सगळे खुशीत घरी गेले. सकाळी बाई लेझरचा दिवा घेऊन आल्या. तीन पायांच्या घोडीवर तो ठेवला, साठ इंचांवर लावला, कळ दाबली, आणि भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ उमटली. बासष्ट चित्रांच्या मध्यावरून जायला हवी होती. ती सगळीकडे मध्याच्या वरून जात होती. चित्रं एका ओळीत होती, अगदी सुतात. फक्त सगळी ओळच खाली.

दिवे लावणारा इलेक्ट्रिशियन शिडीवरच थांबला.

"यंत्र तपासलंत का?" बाबांनी विचारलं.

"दोनदा, काका," बाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज उतरला होता.

बाबांनी इलेक्ट्रिशियनकडे हात केला. "टेप दे." मी त्यांच्या हातात टेप पहिल्यांदा बघितली. त्यांनी पहिलं चित्र मोजलं, मधलं मोजलं, शेवटचं मोजलं. टेप गुंडाळून परत दिली. मग ते माझ्याकडे वळले. माझा चेहरा त्यांच्यासारखा नाही, त्यावर सगळं दिसतं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"पंधरा दिवस झाले. जुन्या फोटोंत दिसलं."

"आणि बोलली नाहीस."

"नाही, बाबा."

मला वाटलं आता ते बूट घालतील आणि निघून जातील. त्यांनी बोटाने समोरची भिंत दाखवली. मग म्हणाले, "इकडे ये. भिंतीला पाठ लाव. ताठ उभी राहा." मी उभी राहिले. माझ्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून बाईंनी घाईघाईने लेझर बंद केला. बाबांनी माझ्या डोळ्यांच्या पातळीत भिंतीवर नख लावलं आणि इलेक्ट्रिशियनला मोजायला सांगितलं. साठ. पाव इंच कमी असेल.

"मी कामाला लागलो तेव्हा एवढाच होतो," ते बाईंना म्हणाले. "म्हणजे रेघ बरोबर होती. मी खाली आलो."

बाई पुढे आल्या. त्यांनी चित्रांमधल्या मोकळ्या जागा सकाळीच मोजून ठेवल्या होत्या, ते त्यांनी तेव्हा सांगितलं. बासष्ट चित्रं, लहान, मोठी, आडवी, उभी, आणि मधल्या जागांत एका सुताचाही फरक नव्हता. "हे मला यंत्राने जमणार नाही, काका," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी दिवा मी लावते. टांगायचं तुम्हीच."

बाबांनी तोंडात खिळे घातले, तेच उत्तर समजायचं.

दहा वाजल्यापासून आम्ही सगळे लागलो. बाई चित्रं उतरवत होत्या, इलेक्ट्रिशियन भोकं बुजवत होता, मी तारा धरत होते आणि बाबा लाल रेघेवर ठोकत होते. माझं चित्र कोपऱ्यात होतं, म्हणून शेवटी आलं. सव्वाचार वाजले होते. माझ्या मनात दिवसभर एकच येत होतं, ते मी बोलून टाकलं. "बाबा, माझं राहू दे ना तिथेच. तुमच्या रेघेवर."

"का?"

"मला आवडेल."

त्यांनी खिळे तोंडातून काढले. "सात वर्षं तुला सवलत दिली नाही, ती आता देऊ? एक खाली राहिलं तर सगळी भिंत वाकडी दिसेल." आणि चित्र उतरवून चार इंच वर ठोकलं. मागची तार ओढून पाहिली. घट्ट होती.

पाच वाजता दार उघडलं. माणसं आली, हातात चहाचे पेले, भिंतीसमोर थांबणं, मान हलवणं, पुढे सरकणं. चौतीस वर्षांत बाबा उद्घाटनाला कधी दालनात थांबले नव्हते. मागच्या खोलीत अवजारं पुसत बसायचे. त्या दिवशी मी गर्दीतून कोपऱ्याकडे पाहिलं तर ते माझ्या चित्रासमोर उभे होते. अनवाणी, हात मागे बांधलेले. वाकलेल्या पाठीमुळे त्यांना हनुवटी चांगलीच वर करावी लागत होती. सरळ आहे की नाही हे बघायला माणसाला एवढा वेळ लागत नाही. ते चित्र बघत होते.

मी जवळ जाऊन उभी राहिले. मी म्हटलं, "बाबा, मान दुखेल."

"दुखू दे," ते म्हणाले.