नाव घ्या, अक्कम्मा

सोलापुरात भाकरी दोन प्रकारची. एक मऊ, ती घरच्या माणसांसाठी. दुसरी कडक, पापडासारखी वाळवलेली, महिनोन्‌महिने टिकणारी. ती घराबाहेर पडणाऱ्यांसाठी. नवी पेठेच्या मागच्या बोळात राहणारी अक्कम्मा गेली कित्येक वर्षं फक्त कडक भाकरी करते. मऊ भाकरीला खाणारा समोर बसलेला लागतो, आणि अक्कम्माच्या समोर सध्या भिंत असते.

भिंतीवर दोन फोटो. एक नवऱ्याचा, कल्लप्पाचा. कापडाच्या दुकानात आयुष्यभर गिऱ्हाइकांपुढं लुगडी उलगडून तो एके दिवशी स्वतःच शांतपणे मिटला. दुसरा सासऱ्यांचा. झुबकेदार मिश्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि 'भाकरी जरा जाड झाली' असं म्हणण्याच्या बेतात असलेला चेहरा. या दोघांशी अक्कम्मा बोलते. ते उलट बोलत नाहीत, पण ते दोघं हयात असतानाही फार बोलत नसत, त्यामुळं तिला फरक विशेष जाणवत नाही. कर्ज घ्या म्हणून फोनवर मागं लागणाऱ्या मुलींशीही बोलते. जेवलीस का, घरी कोण कोण, लग्न का लांबवलंस, अशी चौकशी अर्धा अर्धा तास चालते. त्या मुली हळूहळू हा नंबर टाळू लागल्या. कर्ज देणारे ज्याला चुकवतात असा माणूस अख्ख्या सोलापुरात बहुधा ही एकटी. चहा मात्र अजून दोन कप होतो. हात ऐकत नाही.

दुसरा कप शिवूचा. शिवू म्हणजे तिचा मुलगा, पण हे त्याचं खरं नाव नव्हे. त्यामागं एक भानगड आहे.

आपल्याकडं सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. नवऱ्याचंही घ्यायचं नसतं, पण तिथं उखाण्याची पळवाट आहे. चार बायका 'नाव घ्या, नाव घ्या' म्हणून मागं लागल्या की दोन ओळी जुळवायच्या आणि लाजत लाजत नाव घेऊन टाकायचं. सासऱ्याच्या नावाला तेवढी फटसुद्धा ठेवलेली नाही. आता दुसरी रीत अशी, की थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायचं. या दोन रीती एकमेकींना न विचारता ठरलेल्या असाव्यात. त्यामुळं झालं काय, की बारशाला पोराचं नाव सिद्धलिंगप्पा ठेवलं आणि ते साऱ्या जगाला घेता येऊ लागलं, एक त्याची आई सोडून. तिनं त्याला शिवू केलं.

एकदा गड्ड्याच्या जत्रेत पोरगं हरवलं. भोंग्यावरच्या माणसानं अक्कम्माला नाव विचारलं. ती म्हणाली, शिवू. खरं नाव सांगा बाई, म्हणाला. तिनं पुन्हा शिवूच सांगितलं. शेवटी त्यानं शिवू म्हणूनच पुकारलं, आणि तीन-चार शिवू रडत येऊन उभे राहिले. तिचा त्यांत नव्हता. तो पाळण्याजवळ भजी खात ऐकत होता आणि बिचाऱ्या कुठल्याशा शिवूबद्दल हळहळत होता. कारण परक्या माणसानं हाक मारायची तर ती सिद्धलिंगप्पा म्हणून, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

हा शिवू मोठा होऊन टॉवेलच्या कारखान्यात लागला. कारखाना आधी रोज चालायचा, मग अधूनमधून, मग नुसता आठवणीपुरता. तेव्हा एका एजंटानं त्याला युरोपात कुठल्याशा कारखान्यात चिकटवून दिलं. जाताना अक्कम्मानं कडक भाकरीची चळत आणि शेंगाची चटणी बांधून दिली. तिथलंही काम बसलं. दुसऱ्या एजंटानं सांगितलं, इंग्लंडात चल, तिथं काम आहे. मग एका दुपारी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून फोन आला. मागं वारा घोंघावत होता.

"अव्वा, आता पुढं नावेनं जायचं हाय."

"कुणाच्या नावानं?"

"नावानं न्हाय गं, नावेनं. होडी. रबराची असती, हवा भरून."

अक्कम्मानं ती होडी डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला. समुद्र तिनं पाहिलेला नाही. तिचं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वराचं तळं. घरच्या नळाला चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येतं. पाणी आलं नाही तर काय करायचं, हे सोलापूरच्या माणसाला जन्मजात कळतं. पाणी फार झालं तर काय, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

"आनि हे बघ," शिवू म्हणाला, "तितं पोलीस आले, कुणी इचारलं, तर माझं नाव घिऊ नको. ओळखत न्हाय म्हन. न्हायतर मला परत पाठवत्याल."

"लेकरा, जन्मात कदी घेतलंय का तुझं नाव?"

दोघंही हसली. मग वाऱ्यानं फोन नेला.

त्यानंतर अक्कम्मानं टीव्हीच्या बातम्या मन लावून पाहायला सुरुवात केली. तशा होड्या एखादे वेळी दाखवत. नारिंगी जाकिटं घातलेली माणसं, कडेवर पोरं, आणि लगेच सूट घातलेला कुणी तरी, ही माणसं परत पाठवलीच पाहिजेत असं म्हणणारा. त्याचं म्हणणं तिला कळायचं नाही, आवाज कळायचा. एसटीत जागेवरून भांडणारा माणूस बोलतो तसा. ती नारिंगी जाकिटांत शिवूला शोधायची. पण एकसारखी जाकिटं घातली की माणसं पोत्यांसारखी दिसतात, आणि पोत्यांतून आपलं पोतं ओळखायला त्यावर नाव लागतं.

शिवू जिवंत होता. इंग्लंडला पोचल्याचा त्याचा फोन आला. तिथल्या सरकारनं एका जुन्या हॉटेलात ठेवलं होतं. खायला मिळत होतं, काम करायला बंदी होती. आश्रय मिळावा म्हणून त्याचा अर्ज चालू होता. तुमच्या देशात तुम्हाला कसला धोका आहे, असं एका बाईनं दुभाष्याकडून विचारलं होतं.

"काय सांगू अव्वा? सोलापुरात उन्हाळा लई असतो म्हनू?"

एजंटानं पढवलेली एक गोष्ट त्यानं सांगून पाहिली. ती त्याला स्वतःलाच खोटी वाटली, मग बाईला काय दोष. अर्ज फेटाळला गेला. पासपोर्ट त्यानं समुद्रात टाकलेला, आपल्याला परत पाठवता येऊ नये म्हणून. खरं नाव आणि सोलापूर मात्र त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. भिजून कुडकुडणाऱ्या माणसाला खोटं बोलायचं सुचत नाही.

म्हणून, हा माणूस इथलाच का याची खात्री करायला, एके सकाळी अक्कम्माच्या दारात हवालदार उभे राहिले. आबासाहेब नाव, गाव माढ्याकडचं, सोलापुरात नवीन बदलून आलेले. जाडजूड आणि पायताण बाहेर काढून आत येणारे. त्यांच्याजवळच्या कागदावरचा फोटो इतक्या वेळा छापून आला होता की त्यात माणूस आहे की तवा, हे सांगणं कठीण. त्यांनी नाव वाचलं आणि हा तुमचा कोण, असं विचारलं.

अक्कम्माच्या हातात पीठ होतं. तिला वाऱ्यातला तो आवाज आठवला, नाव घिऊ नको. आणि आयुष्यात खोटं न बोललेल्या त्या बाईला एकाएकी खरं सापडलं.

"ते नाव माज्या मामांचं," तिनं सासऱ्यांच्या फोटोकडं पिठाचा हात केला. "ते कवाच गेले की."

आबासाहेबांनी फोटोला नमस्कार केला. तेवढंच लिहून घेतलं. एक कडक भाकरी चटणीबरोबर खाल्ली, दुसरी खिशात ठेवली, आणि इंग्लंडच्या सरकारला मयत माणसाला परत पाठवायची एवढी घाई का, याचं नवल करत ते निघून गेले.

अक्कम्माला आपल्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. ते सांगायला ती वळली, तर घरात कुणी नव्हतं. दुसरा कप तिनं स्वतःच प्यायला. मग तिच्या ध्यानात आलं, की पोराला लांब ठेवायचं काम आज आपण आपल्या हातानं केलं. त्या दिवशी भाकरी जाड झाल्या.

पुढचा फोन बऱ्याच दिवसांनी आला. शिवूचा आवाज कडक भाकरीसारखा कोरडा. आता त्याला कुलपाच्या इमारतीत हलवलं होतं. त्याला घरी यायचं होतं. तसं त्यानं लिहूनही दिलं होतं. पण नेणार कुठं? इकडून उत्तर गेलं होतं, की या नावाचा इसम मयत आहे.

"अव्वा, मी मेलोय म्हनं."

अक्कम्मा हसली. शिवूही हसला. मग कुणीच हसलं नाही.

"हे म्हनत्यात तू आमचा न्हाईस. तिकडचे म्हनत्यात तू आमचा न्हाईस. तू तरी जा की गं. सांग जाऊन. माझं नाव घे."

शेजारच्या केसरबाई तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेल्या. एका शाळेत शिपाई म्हणून जन्म काढलेली ही बाई साहेब लोकांना भीत नसे. आबासाहेब ओशाळले आणि रागावलेही. मावशी, तुम्ही मामा म्हणालात, मी मामा लिहिलं. आता मेलेला माणूस जिवंत करायला मी काय देव आहे का? पण खाल्लेल्या भाकरीला ते जागले. पुन्हा कागद पाठवले. ठरलं असं, की तिकडच्या आपल्या वकिलातीतले साहेब ठाण्यातल्या पडद्यावर येतील, शिवूला समोर बसवतील, आणि आईनं त्याला नावानिशी ओळखायचं.

वकिलात म्हटल्यावर अक्कम्माला वाटलं वकील बघायचा. केसरबाईंनी समजूत घातली आणि मग तालमीला बसवलं. म्हण, सि. अक्कम्मा सि म्हणाली आणि तिला उचकी लागली. पुन्हा सि, तर पुढं सीताफळ निघालं. केसरबाई म्हणाल्या, "अगं, मी माझ्या नवऱ्याला भर चौकात नावानं हाका मारायची. काय झालं? काय न्हाय. तो ऐकायचाच न्हाय."

निघायच्या दिवशी अक्कम्मा सासऱ्यांच्या फोटोपुढं उभी राहिली. पाया पडली. मिश्या काही बोलल्या नाहीत.

पडद्यावर आधी साहेब दिसले, मग बाजूला शिवू. वाळला होता. दाढीत पांढरं दिसत होतं. अक्कम्माला पडद्याला हात लावावासा वाटला, पण तो सरकारी होता. साहेबांनी हिंदीत विचारलं, ये कौन है? ती म्हणाली, शिवू. साहेब म्हणाले, कागदावर हे नाव नाही, पूरा नाम बोलिए. ती पुन्हा म्हणाली, शिवू, आमचा शिवू. साहेबांनी घड्याळ पाहिलं. तिकडं शिवूनं मान खाली घातली. जत्रेतला भोंगेवाला तिला आठवला. तेव्हा तिचा शिवू भजी खाऊन आपला आपण परत आला होता. आता मधे समुद्र होता.

"नाव घ्या, मावशी," आबासाहेब कळवळून म्हणाले. "घ्या नाव."

हे शब्द अक्कम्मानं कल्लप्पा गेल्यापासून ऐकले नव्हते. विधवेला कोण म्हणतं नाव घ्या? तिचा हात आपोआप वर गेला, पदर डोक्यावर आला, मान एका बाजूला झुकली.

"समुद्राला न्हाय काठ, नावेला न्हाय गाव,
मामांची माफी मागून घेते सिद्धलिंगप्पाचं नाव."

ठाण्यातली एक महिला पोलीस सवयीनं टाळी वाजवून बसली. पडद्यावर शिवूनं दचकून मागं वळून पाहिलं, कुणाला हाक मारली म्हणून. मागं भिंत होती. मग तो हळूच वळला.

"अव्वा," तो म्हणाला, "मी हितं हाय."

साहेबांनी विचारलं, ये क्या था? आबासाहेब डोळे पुसत म्हणाले, "सर, नाम हो गया."

काही आठवड्यांनी आबासाहेब पुन्हा बोळात आले. ओळख पटली होती, कागद मंजूर होते, माणूस येणार होता. कधी ते तिकडचं सरकार ठरवणार. विमानात जागा, पोलीस सोबत, अजून बरंच काय काय. महिना, दोन महिने, सांगता येत नाही म्हणाले. भाकरी न घेताच निघाले होते, तिनं दिली.

ते गेल्यावर अक्कम्मानं चहा टाकला. दोन कप झाला. दोन्ही कप समोर ठेवून ती बसली. जीभ एकदा उघडली की उघडी राहते, तसं तिला ते नाव सारखं ओठावर येत होतं. घरात कुणी नाही असं पाहून, म्हणजे नेहमीसारखंच पाहून, तिनं ते मोठ्यानं घेतलं.

"सिद्धलिंगप्पा, च्या घे."

मिश्या तशाच. पण घेतलेलं नाव वाया जाऊ देणं बरं नव्हे, आणि ते आधी त्यांचंच होतं, म्हणून एक कप तिनं सासऱ्यांच्या फोटोपुढं सरकवला. आपला प्यायला घेतला. मग परातीत पीठ ओढलं, आणि बऱ्याच वर्षांत केली नव्हती अशी एक मऊ भाकरी थापायला घेतली. कशी होते ते बघावं म्हणून.