जाड रेघ

आज सकाळी माझ्या शाळेतल्या पोरींनी मैदान आखायला फक्कीचं पोतं उघडलं आणि चुन्याच्या त्या कोरड्या, नाकात चढणाऱ्या वासानं मला थेट माझ्या शाळकरी दिवसांतल्या, बीबी गावच्या मैदानावर नेलं.

जिल्ह्याचा बेसबॉलचा अंतिम सामना होता. रेघा मीच आखल्या होत्या. "काऊन वं पोरी, रेघ आखून राह्यली का बांध घालून राह्यली?" आमचे सर खेकसले होते.

शेवटी आम्ही एका धावेनं मागे होतो, दोघी मैत्रिणी बेसवर होत्या. मी मारलेला चेंडू तिसऱ्या बेसच्या पुढे, कडेच्या रेघेपाशी पडला आणि बाहेर घरंगळला. "फाऊल!" समोरच्या संघातल्या, पिंपळगाव राजाच्या पोरी ओरडल्या; चेंडू रेघेबाहेर पडला तर धावा धरत नाहीत. आम्ही मात्र धावतच राहिलो. दोघी शेवटच्या बेसवर, होमवर पोचल्यासुद्धा!

पंचांनी चेंडू उचलला. काळ्या मातीनं मळलेल्या त्या चेंडूवर फक्कीचा पांढराशुभ्र ठिपका होता. "टप्पा रेघेवर पडला. रेघ मैदानातच धरतात. फेअर!"

सर नाचतच आले. "जितलो वं पोरी! आता बांधच घालत जाय!"

"मॅडम, रेघ लय जाड झाली. पुसू का?" आज रेघ आखणाऱ्या पोरीनं विचारलं.

"हात नको लावू तिले," मी म्हटलं.