बारा बाय अठराची फ्रेम

भांडुप स्टेशनजवळच्या एका डिजिटल प्रिंटिंगच्या दुकानात दर्शना परब सतरा वर्षं एकच काम करत आली होती. लोकांचे फोटो छपाईच्या मापाला आणायचे. पूर्वी माणसं काउंटरवर येऊन बसायची, फोटोतलं कोण कोणाचं लागतं ते सांगत राहायची. आता मोबाइलवर फाईल येते, खाली ‘मॅडम, मोठा करून द्या’ एवढी ओळ असते, आणि छापलेला फोटो कुरिअरवाला घेऊन जातो. मालक राजेश मुलुंडच्या शाखेत बसायचा. संध्याकाळी शटर ओढताना कधी कधी दर्शनाच्या लक्षात यायचं, की आज आपण तोंडाने काही बोललोच नाही. नाहूरच्या घरीही तेच. आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि भाऊ कणकवलीला होता.

एका मंगळवारी दुपारी भाऊराव साळवे दुकानात आले. वय पंच्याहत्तरीला टेकलेलं, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली रिकामी फ्रेम.

“जय भीम, ताई. आमच्या मंडळींचा फोटो पाहिजे. सुंदराबाई नाव. या फ्रेमीत बसंल असा करा. तिला जाऊन वर्ष होतंय.”

फ्रेम बारा बाय अठरा इंचांची होती. फोटो मोबाइलवर आलेला, पुतण्याच्या लग्नातला. वीस-बावीस माणसं, आणि एका कडेला सुंदराबाई. दर्शनाने फोटो स्क्रीनवर मोठा केला, तसा चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले.

“काका, चांगल्या छपाईला एका इंचात तीनशे ठिपके लागतात. यांच्या अख्ख्या चेहऱ्याला नव्वदच आहेत. आहे तसा छापला तर चेहरा नखाएवढा होईल.”

“दुसरा फोटो नाय हो तिचा. आधार कार्डावरचा आहे, त्यात ती घाबरलेली दिसती.”

दर्शनाने दुकानात नवीन आलेल्या सॉफ्टवेअरने फोटो मोठा करून पाहिला. मिनिटभरात चेहरा लख्ख उमटला. तिने स्क्रीन भाऊरावांकडे वळवली. ते वाकून बघू लागले.

“ही कोण, ताई?”

“सुंदराबाईच ना.”

“नाय. हिचा डावा डोळा जरासा मिटलेला असायचा. ही कुणीतरी टीव्हीतली बाई आहे.”

दर्शनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौकोनांच्या जागी मशीनने आपल्या मनाचा डोळा भरला होता. अशा किती जणांना तिने आजवर भलतेच चेहरे दिले असतील? तिने ती फाईल तिथल्या तिथे काढून टाकली.

“मुळात फोटो काढला कोणी?” तिने विचारलं.

भाऊरावांनी तीन ठिकाणी फोन केले, तेव्हा नाव कळलं. पुतण्याचा मित्र सम्यक, राहणार मुलुंड. दर्शना स्वतः त्याच्याशी बोलली.

“मोबाइलवर पाठवू नकोस रे, त्यात फोटो बारीक होतो. कॅमेऱ्यातली फाईल हवी.”

“हार्ड डिस्कवर असेल, पण शोधावी लागेल. रविवारी पेन ड्राइव्ह घेऊन येता का?”

रविवारी तिला दुसरं काही नव्हतंच. ती गेली, दोन तास बसली, आणि फाईल घेऊनच उठली.

सोमवारी भाऊराव शेजारी खुर्ची ओढून बसले. मूळ फोटो जवळजवळ पाचपट मोठा होता. सुंदराबाईंच्या गालावरची सुरकुती दिसली, मिटल्यासारखा डावा डोळा दिसला. छातीशी धरलेल्या हातात काहीतरी काळं होतं. दर्शनाने तो भाग मोठा केला.

“माझा चष्मा,” भाऊराव म्हणाले. “हात धुवायला जाताना दिला होता तिच्याकडं.” दर्शनाने उगाचच कीबोर्ड पुसला.

हात फोटोत ठेवायचा हे तिने न विचारताच ठरवलं. तरीही बारा बाय अठराला पुरतील एवढे ठिपके नव्हते. आठ बाय बारा मात्र नीट येणार होता, ताणाताण न करता. तेवढाच छापून तिने फ्रेममध्ये भोवती पांढरी कोरी जागा सोडली. भाऊरावांनी फ्रेम दोन्ही हातांनी उचलली.

“रविवारी टेंभीपाड्याच्या विहारात तिच्या वर्षाचं पुण्यानुमोदन आहे. या, ताई.”

गेल्या सतरा वर्षांत ज्यांचे फोटो तिने छापले, त्यांच्यापैकी कोणी तिला असं बोलावलं नव्हतं. ती पांढरी साडी नेसून गेली आणि मागच्या रांगेत बसली. सगळे एकमेकांच्या ओळखीचे होते. वंदना झाली, नातेवाईक सुंदराबाईंबद्दल दोन दोन शब्द बोलले. त्यातलं काहीच दर्शनाला ठाऊक नव्हतं, पण त्या डोळ्याच्या कोपऱ्यातली रेघ न् रेघ ठाऊक होती. हे कोणाला सांगायचं? शेजारच्या बाईने विचारलं, “तुम्ही कुणाकडच्या?”

ती अडखळली. तेवढ्यात भाऊरावांनी तिला पुढे, फ्रेमजवळ बोलावलं.

“या दर्शनाताई. यांनी शोधून आणली हिला.”

सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिने हात जोडले. मग पंगत बसली, भाऊराव नातवंडांच्या गराड्यात गेले आणि ती जेवून निघाली.

घरी आल्यावर तिने भावाला फोन लावला. सगळं सांगायचं होतं, डोळ्याचं, चष्म्याचं. पलीकडे गावच्या जत्रेचा गोंगाट होता; विहारात जाऊन आले, एवढंच तिला सांगता आलं.

“बरा झाला. जेवलंस मा?” भावाने विचारलं.

“जेवले,” ती म्हणाली.

“मग ठेवतंय.”

साडीची घडी घालून तिने ती कपाटात ठेवली आणि खिडकीपाशी बसली. समोरच्या इमारतीत दिवे लागत होते.